दोन टेप ड्राइव्ह, एक नवा स्विच आणि भिंतीतली जुनी केबल

नागपुरात खाणींचं सर्वेक्षण करणाऱ्यांना कामाची वानवा नाही. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइलची मुख्यालयं इथेच आहेत, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सही इथलंच. हे प्रकरण अशाच कामातल्या एका मध्यम आकाराच्या खासगी कंपनीचं आहे. ड्रोन आणि लेझर स्कॅनरने खाण मोजायची, वरची माती किती काढली आणि कोळसा किती निघाला याचा हिशेब द्यायचा, हा त्यांचा धंदा. हिशेबावरून पुढे कधी वाद उपटला तर मूळ मोजणी दाखवावी लागते. म्हणून कच्चा डेटा वर्षानुवर्षं सांभाळून ठेवतात, आणि तो टेपवर असतो.

टेप लायब्ररी छोटीच आहे. कॅसेटचे खण, एक रोबो आणि दोन ड्राइव्ह: एक एलटीओ-४, दुसरा एलटीओ-५ (एलटीओ हा टेपचा प्रकार, पुढचा आकडा पिढीचा). दोन्ही फायबर चॅनेलचे, म्हणजे साठवणीची उपकरणं सर्व्हरला जोडणाऱ्या वेगवान जोडणीचे. जुना एलटीओ-४ का ठेवला, हे आधी सांगायला हवं, कारण नवा माणूस आला की पहिली सूचना तो काढून टाकण्याचीच करतो. या पिढ्यांचे ड्राइव्ह आपल्या मागच्या दोन पिढ्यांपर्यंतच्या कॅसेट वाचतात. म्हणजे एलटीओ-५ ला एलटीओ-३ पर्यंतचं वाचता येतं, एलटीओ-२ चं नाही. कंपनीचे सुरुवातीचे सर्वेक्षण २०० गीगाबाइटच्या एलटीओ-२ कॅसेटवर आहेत. ते वाचणारा घरात एकच ड्राइव्ह आहे, तो हा जुना.

कंपनीचं ऑफिस अंबाझरी लेआउटच्या बाजूला आहे. २२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री नागपुरात जो पाऊस कोसळला आणि अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, त्यात तळमजल्यावर पाणी शिरलं. सर्व्हर उंच चौथऱ्यावर होते म्हणून बचावले. त्यानंतर ठरलं की निदान टेप तरी वर न्यायच्या. लायब्ररी तिसऱ्या मजल्यावर गेली. सर्व्हर, वीज आणि एसीची सोय खालीच असल्याने ते खालीच राहिले. निर्णय बरोबर होता. पण त्यामुळे ड्राइव्ह आणि सर्व्हर यांच्यामधली दोन-तीन मीटरची वायर चाळीसेक मीटरची झाली, आणि पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ तिथे आहे.

याच सुमाराला दुसरा सर्व्हर आला. तोवर प्रत्येक ड्राइव्ह सर्व्हरच्या कार्डाच्या एकेका पोर्टला थेट जोडलेला होता. आता मध्ये १६ गीगाबिटचा फायबर चॅनेल स्विच घेतला. पुरवठादाराच्या माणसाने स्विच बसवला, वायरी लावल्या, आणि "सगळं ऑटोवर आहे, आपोआप होईल" असं सांगून तो गेला.

आपोआप काय झालं ते असं. एलटीओ-४ दिसलाच नाही. एलटीओ-५ दिसायचा, तासाभरात नाहीसा व्हायचा, परत यायचा. तो गेला की कधीकधी अख्खी लायब्ररीच गायब, रोबोसकट. बॅकअप सांभाळणाऱ्या दादांचा मला फोन आला तो असा: "सर, रोबो बी दिसून नाही राहिला. साहेब म्हणते लायब्ररीच मेली, नवीनचं कोटेशन मागवा."

लायब्ररी मेली नव्हती. या प्रकारच्या लायब्ररीत रोबोला स्वतःची फायबर जोडणी नसते. तो एका ड्राइव्हच्या आडून बोलतो. सर्व्हरला तो ड्राइव्ह एलयूएन ० (एलयूएन म्हणजे एकाच पत्त्यामागच्या उपकरणांचा क्रमांक) वर दिसतो आणि त्याच पत्त्यावर एलयूएन १ म्हणून रोबो दिसतो. इथे ही जबाबदारी एलटीओ-५ कडे होती. त्याची जोडणी तुटली की रोबोही जायचा. लायब्ररीच्या पुढच्या पॅनेलवरून रोबो मजेत कॅसेट हलवत होता, हे दाखवल्यावर कोटेशनचा विषय थांबला.

आधी जुना ड्राइव्ह

एलटीओ-४ चा दोष शोधायला वेळ लागला नाही. स्विचवर त्याच्या पोर्टला प्रकाश येत होता, पण सिंक नव्हता. प्रकाश आहे आणि मेळ नाही, असं दिसलं की पहिला संशय वेगावर घ्यावा. लायब्ररीच्या वेब पानावर ड्राइव्हची सेटिंग उघडली तर वेग २ गीगाबिटवर पक्का केलेला. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या सर्व्हरमधलं कार्ड २ गीगाबिटचं होतं, त्या काळात कुणीतरी तो तसा बांधून ठेवला होता. ४ गीगाबिटच्या कार्डाला २ जमतं, म्हणून मधल्या सर्व्हरबरोबरही तो चालत राहिला.

फायबर चॅनेलचं साधारण सूत्र असं की पोर्ट आपला वेग आणि त्याच्या मागचे दोन वेग सांभाळतं. १६ गीगाबिटचं एसएफपी, म्हणजे पोर्टात खोचायचा प्रकाशाचा भाग, १६, ८ आणि ४ वर बोलतं. २ वर बोलत नाही. स्विच ऑटोवर ठेवला काय किंवा कशावर ठेवला काय, ड्राइव्ह २ वर अडून बसला असेल तर भेट होणंच शक्य नाही. ऑटो म्हणजे दोघांना जमणाऱ्या वेगांतून निवड. जमणारा एकही वेग नसेल तर निवड कशातून करणार?

ड्राइव्ह ४ वर आणला. सिंक आला, पण ड्राइव्ह अजूनही स्विचमध्ये लॉगिन होईना. त्याचं कारण वेगाच्याच खालच्या ओळीत होतं: पोर्टचा प्रकार 'लूप' आणि लूप आयडी 'हार्ड'. लायब्ररीच्या दारावर एक पिवळा पडलेला स्टिकरही होता, दोन ड्राइव्हपुढे दोन आकडे. ऑफिसातल्या एका मुलाने ते आकडे आयपी पत्त्याचा शेवटचा भाग समजून पिंग करून पाहिले होते. त्याला हसण्यात अर्थ नाही. टेप लायब्ररीत पत्ते इतक्या प्रकारचे असतात की कुणीही गोंधळेल.

तर लूप आयडी म्हणजे काय. स्विच महाग होते तेव्हा फायबर चॅनेलची उपकरणं एका कड्यात जोडत. त्या कड्यात प्रत्येकाला आठ बिटांचा पत्ता लागतो. आठ बिट म्हणजे २५६ किमती, पण त्यातल्या १२७ च वापरता येतात, कारण वायरवर जाताना आठाचे दहा बिट होतात, आणि त्या दहांत ० आणि १ यांची संख्या समसमान ठेवणाऱ्याच किमती चालतात. त्यातली एक स्विचसाठी राखीव, म्हणून कड्यात उपकरणं जास्तीत जास्त १२६, आयडी ० ते १२५. कडं सुरू होताना पत्त्यांचं वाटप होतं. हार्ड म्हणजे 'मला हाच पत्ता हवा' असा आग्रह. तो पत्ता आधीच कुणी घेतला असेल तर मिळेल तो सॉफ्ट पत्ता घ्यावा लागतो. जुन्या युनिक्स सर्व्हरांवर टेपचं नाव या पत्त्याला बांधलेलं असे, म्हणून हार्ड आयडी देण्याची पद्धत पडली, आणि तेव्हा ती शहाणपणाचीच होती.

स्विचवर हे सगळं गैरलागू आहे. तिथे उपकरणाने पत्ता मागायचाच नसतो. लॉगिन केलं की स्विच स्वतः चोवीस बिटांचा पत्ता देतो: आठ बिट स्विचचा डोमेन, बाकी सोळांवरून पोर्ट कळतं. आणि १६ गीगाबिटच्या पिढीच्या स्विचमध्ये लूपची सोय सहसा ठेवलेलीच नसते. त्यामुळे लूपवर बांधलेला ड्राइव्ह कडं सुरू होण्याची वाट पाहत राहतो, आणि स्विच लॉगिनची वाट पाहत राहतो. पोर्टचा प्रकार बदलून 'एन पोर्ट', म्हणजे फॅब्रिक (स्विचच्या जाळ्यातला) केला, ड्राइव्ह लायब्ररीच्या पानावरूनच बंद-चालू केला, आणि जुना एलटीओ-४ लॉगिन झाला. या बदलानंतर ड्राइव्ह पुन्हा सुरू करावा लागतो, हे बऱ्याचदा विसरलं जातं आणि मग 'सेटिंग करूनही फरक पडला नाही' अशी तक्रार येते.

मग नवा, जो जास्त छळत होता

एलटीओ-५ चं दुखणं वेगळं होतं. त्याचा वेग ऑटोवर, पोर्टचा प्रकारही ऑटोवर. तो ८ गीगाबिटवर जोडला जायचा, रिकामा असताना शांत असायचा, आणि बॅकअप सुरू झाला की स्विचवरचे चुकांचे आकडे चढू लागायचे. सीआरसीच्या चुका (सीआरसी म्हणजे डेटाची फ्रेम, अर्थात गठ्ठा, शाबूत पोचला का हे तपासणारा आकडा), एन्कोडिंगच्या चुका, मग जोडणी तुटणं. तुटून पुन्हा जुळताना पोर्टचा प्रकारही नव्याने ठरायचा. तो आधी लूप करून पाहायचा, मग फॅब्रिककडे वळायचा. डिस्कचं काम असं सेकंदभर अडलं तर सर्व्हर पुन्हा विचारतो आणि पुढे जातो. टेपचं तसं नसतं. लिहिणं मध्येच तुटलं की टेप नेमकी कुठे आहे याचा भरवसा राहत नाही, आणि बॅकअपचं सॉफ्टवेअर अख्खं काम रद्द करतं.

पुरवठादाराच्या माणसाने फोनवर फिल वर्डचा मुद्दा काढला. मुद्दा चुकीचा नव्हता. जोडणीवर डेटा नसतो तेव्हा दोन्ही बाजू एकमेकांना भरतीचे शब्द पाठवत राहतात. ४ गीगाबिटपर्यंत तो शब्द आयडल असतो. ८ ला मानकाने तो बदलून एआरबी-एफएफ केला, आणि सुरुवातीच्या काही ८ गीगाबिट उपकरणांनी जुनाच ठेवला. दोन्ही बाजूंचं यावर पटलं नाही तर स्विचवर चुका दिसतात. स्विचवर हा पर्याय बदलून पाहिला. काही चुका कमी झाल्या, सीआरसीच्या मात्र तशाच. भरतीचा शब्द बिघडला तर सीआरसी बिघडत नाही, कारण सीआरसी डेटाच्या फ्रेमची असते. म्हणजे डेटाच वाटेत खराब होत होता.

मग ती वाटच तपासली. दोन्ही टोकांना आकाशी रंगाच्या, ५० मायक्रॉन गाभ्याच्या ओएम-३ पॅचकॉर्ड, म्हणजे छोट्या जोडवायरी (ओएम-१, ३, ४ हे काचेच्या केबलचे दर्जे, आकडा मोठा तितकी चांगली). त्यावरून सगळ्यांचा समज की केबल नवी आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या पॅच पॅनेलचं झाकण उघडलं तर भिंतीतून येणारी केबल नारिंगी, आणि तिच्या अंगावर छापलेलं ६२.५/१२५, म्हणजे गाभा ६२.५ मायक्रॉनचा. इमारत बांधली तेव्हा मजल्यामजल्यांमध्ये टाकलेली ही ओएम-१ केबल. लायब्ररी वर नेताना ती तयार सापडली म्हणून वापरली, टोकं तेवढी नवी लावली.

८ गीगाबिटला ओएम-१ वर २१ मीटरची मर्यादा आहे. ४ ला ७० मीटर, २ ला १५० मीटर. १६ ला तर अवघे १५. ओएम-३ असती तर ८ गीगाबिट १५० मीटर गेलं असतं. आपली वाट चाळीसेक मीटर. ८ साठी दुप्पट लांब, ४ साठी आरामात.

यात फसवणारी गोष्ट अशी होती की एसएफपीवर प्रकाशाचं मोजमाप ठीक दिसत होतं. ६२.५ मधून ५० च्या गाभ्यात शिरताना थोडा प्रकाश वाया जातो, तेवढी घट होती, पण मर्यादेच्या आत. प्रकाश पुरेसा आहे म्हणजे केबल चांगली, असं अनुभवी माणसंही म्हणतात. पण मल्टिमोड केबलची अंतराची मर्यादा मुख्यतः प्रकाश कमी होण्यामुळे नसते. जाड गाभ्यात किरण वेगवेगळ्या वाटांनी जातात. मारबतीच्या मिरवणुकीला एकत्र निघालेली मंडळी शेवटच्या चौकात विखरून पोचावीत, तसे एका बिटाचे किरण पुढेमागे पोचतात आणि शेजारच्या बिटात मिसळतात. वेग जितका जास्त तितका एका बिटाला वेळ कमी, म्हणून मिसळणंही जास्त. पॉवर मीटरला हे दिसत नाही. चुकांच्या आकड्यांना दिसतं.

उपाय दोन होते. नवी ओएम-४ केबल टाकणं, नाहीतर ड्राइव्ह ४ वर पक्का करणं. मी दुसरा सुचवला आणि तिथे बैठक तापली. संचालकांचं म्हणणं, "आठचा ड्राइव्ह घेतला न भाऊ, मंग चारवर काहून चालवायचा? अर्धे पैसे पाण्यात?" प्रश्न अगदी रास्त. त्याचं उत्तर आकड्यांत आहे. एलटीओ-५ ड्राइव्ह टेपवर सेकंदाला १४० मेगाबाइट लिहितो. ड्राइव्ह लिहिताना डेटा दाबतो, तो निम्मा आकसणारा असेल तर वायरवरून २८० लागतील. ४ गीगाबिटची जोडणी साधारण ४०० देते. म्हणजे सगळ्यात चांगल्या परिस्थितीतही ती भरत नाही. ड्रोनचे फोटो आधीच दाबलेले असतात, ते आणखी आकसत नाहीत, त्यामुळे या कंपनीची खरी गरज १४० च्या आसपासच. जोडणीचा वेग आणि टेपचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला वाढवून दुसरा वाढत नाही.

'बॅकअप फार हळू चालतो' ही त्यांची तक्रार खरी होती, पण तिचं कारण उलट्या टोकाला होतं. डेटा नॅसवरून (नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवरून) एक गीगाबिटच्या नेटवर्कने यायचा, म्हणजे वरची मर्यादा ११०-१२० मेगाबाइट. त्यात लाखो छोट्या फाइल्स, त्यामुळे प्रत्यक्षात त्याच्याही निम्मं नसेल. एलटीओ ड्राइव्ह पुरवठा कमी पडला की स्वतःचा वेग काही मर्यादेपर्यंत कमी करतो. त्याही खाली गेलं की टेप थांबते, मागे जाते, पुन्हा वेग घेते. याने वेळ जातो आणि टेप व हेड दोन्ही झिजतात. बॅकअप सर्व्हरमध्ये मोठी डिस्क घालून आधी तिथे डेटा गोळा करायचा आणि तिथून सलग टेपवर ओतायचा, एवढा बदल केला. संचालकांना हवा होता तो वेग यातून मिळाला, आणि तोही ड्राइव्ह ४ वर असताना.

वेग दोन्ही टोकांना पक्का केला: ड्राइव्हवर ४, स्विचच्या पोर्टवरही ४. एका टोकाला पक्का आणि दुसऱ्याला ऑटो ठेवलं तरी बहुधा जमतं, पण हे 'बहुधा' रात्री दोन वाजता नको असतं. स्विचचं पोर्टही फक्त उपकरणासाठी, म्हणजे एफ पोर्ट म्हणून बांधलं. आकडे शून्य करून पूर्ण बॅकअप चालवला. चुका नाहीत.

नावांचा घोळ

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण सर्व्हर एकदा बंद-चालू झाल्यावर नवीनच तमाशा: रोबो कॅसेट खालच्या ड्राइव्हमध्ये ठेवायचा आणि सॉफ्टवेअर वरच्या ड्राइव्हपाशी 'कॅसेट नाही' म्हणत थांबायचं.

ड्राइव्ह पूर्वी कार्डाच्या वेगळ्या पोर्टांवर होते, त्यामुळे लिनक्सला ते नेहमी एकाच क्रमाने सापडायचे आणि एसटी-० व एसटी-१ ही नावं ठरलेली राहायची. आता दोघे एकाच स्विचमागे. सापडण्याचा क्रम बदलला की नावं अदलाबदल. रोबोचा क्रमांक मात्र लायब्ररीतल्या जागेवरून ठरतो, तो हलत नाही. सॉफ्टवेअरमध्ये 'रोबोचा पहिला म्हणजे एसटी-०' असं लिहिलेलं होतं, ते खोटं पडलं.

प्रत्येक ड्राइव्हची चार नावं एका कागदावर ओढून घेतली: लायब्ररीतली जागा, सिरियल क्रमांक, सोळा हेक्स अंकांचं डब्ल्यूडब्ल्यूएन (फायबर चॅनेलवरची ओळख), आणि सर्व्हरवरचं नाव. यांना जोडणारा दुवा सिरियल क्रमांक. रोबोला विचारलं की कोणत्या जागी कोणता सिरियल आहे ते तो सांगतो, आणि ड्राइव्हला विचारलं की तोही स्वतःचा सिरियल सांगतो. लिनक्समध्ये टेपसाठी 'बाय-आयडी' अशी नावांची यादी असते, ती क्रमावर अवलंबून नसते. सॉफ्टवेअरमध्ये तीच नावं भरली. त्यात शेवटी 'एनएसटी' असलेलं, म्हणजे काम झाल्यावर टेप गुंडाळून सुरुवातीला न नेणारं नाव घ्यायचं. दुसरं घेतलं तर पुढचं काम आधीच्या कामावर लिहिलं जाऊ शकतं, आणि ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

झोनिंग, म्हणजे कोणत्या सर्व्हरला कोणता ड्राइव्ह दिसावा हे स्विचवर ठरवणं, डब्ल्यूडब्ल्यूएनवर केलं. या लायब्ररीत डब्ल्यूडब्ल्यूएन ड्राइव्हच्या जागेला दिलेलं असतं, ड्राइव्ह बदलला तरी तेच राहतं, त्यामुळे दुरुस्तीनंतर झोन पुन्हा लिहावे लागत नाहीत. सगळ्या लायब्रऱ्या असं करत नाहीत. आपली कोणत्या जातीची, हे ड्राइव्ह बदलण्याच्या आधी पाहून ठेवावं. दुसऱ्या सर्व्हरला ड्राइव्ह दिसूच दिले नाहीत. त्याचा बॅकअप पहिल्या सर्व्हरमार्फत नेटवर्कवरून होतो. दोघांनाही ड्राइव्ह दिले असते तर एक लिहीत असताना दुसरा सुरू होऊन ड्राइव्हची विचारपूस करणार, त्याला रीसेट करणार, आणि टेपच्या मधोमध काम मोडणार. सॉफ्टवेअरला ड्राइव्ह वाटून घेण्याची सोय असते, पण दोन ड्राइव्हच्या घरात ती कटकट कशाला?

लायब्ररीच्या व्यवस्थापनाच्या पानाचा आयपी पत्ता राउटर वाटेल तसा देत होता, तो कायमचा केला. स्टिकरही काढला, नवा लावला: जागा, सिरियल, वेग ४, एन पोर्ट. लूप आयडीचे आकडे गेले.

राहिलेली कामं

तिसरा मजला गच्चीखाली आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो आणि टेप ड्राइव्ह चालण्याची वरची मर्यादा साधारण ४० अंशांच्या आसपास असते. तिथे एसी आहे, पण रात्री तो बंद करण्याची ऑफिसची सवय आहे आणि बॅकअप रात्रीच चालतो. सुरक्षारक्षकाला सांगून ठेवलंय. लायब्ररीचा तापमानाचा इशारा मेलवर यायची सोयही केली.

नवी ओएम-४ केबल टाकायला मी नाही म्हटलेलं नाही. पुढे एलटीओ-८ घ्यायचा झाला तर पूर्ण उंचीचा ड्राइव्ह सेकंदाला ३६० मेगाबाइट लिहितो, तेव्हा डेटा थोडा जरी आकसणारा असला तरी ४ ची जोडणी तोकडी पडेल. केबल त्या खरेदीबरोबर करावी.

जास्त घाईचं काम वेगळं आहे. पुरवठादार आता ३२ गीगाबिटचे एसएफपी आणि स्विच सुचवतोय. ते ३२, १६ आणि ८ वर बोलतात, ४ वर नाही. ते बसवले त्या दिवशी एलटीओ-४ ची सिंक जाईल, आणि त्याबरोबर एलटीओ-२ कॅसेट वाचण्याची घरातली एकमेव सोय. म्हणून संचालकांना लेखी दिलंय: आधी त्या कॅसेटवरचा सगळा डेटा एलटीओ-५ वर उतरवा, उतरवलेल्यातून काही सर्वेक्षणं परत उघडून पाहा, आणि मगच स्विचच्या ऑर्डरवर सही करा. दादांनी कॅसेटची यादी केली आहे. त्यातल्या दोनांवर लेबल नाही, त्या आधी लावायच्या असं ठरलं.